कानाच्या मशीनचा सेल आणि नागपूरची हवा

आठ दिवस चालणारा सेल चारच दिवसांत गेला, म्हणजे दुकानदाराने डुप्लिकेट माल दिला, असं मे महिन्यात आणि पुन्हा ऑगस्टमध्ये हमखास ऐकू येतं. दुकानदार कधीकधी दोषी असतोही. पण बहुतेक वेळा दोष हवेचा असतो. कानाच्या मशीनमधला साधा, संपला की टाकायचा सेल झिंक-एअर जातीचा असतो आणि तो खरोखरच हवेवर चालतो. त्यामुळे इथला कोरडा उन्हाळा, कूलरचा गारवा आणि पावसाळ्यातला दमटपणा या तिन्हींचा हिशेब त्याच्या आयुष्यात लागतो. मशीनसोबत येणारं माहितीपत्रक थंड देशातल्या माणसासाठी लिहिलेलं असतं. ४५ अंशांबद्दल त्यात फारसं काही सापडत नाही.

सेलच्या पोटात जस्ताची बारीक पूड असते, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण असतं आणि सपाट बाजूला सुईच्या टोकाएवढी छिद्रं असतात. इतर सेलमध्ये रासायनिक क्रियेला लागणारा दुसरा पदार्थही डबीतच भरावा लागतो. इथे ते काम बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन करतो, म्हणून जवळजवळ सगळी डबी जस्ताने भरता येते आणि एवढ्याशा सेलमध्ये एवढी ताकद मावते. छिद्रांवरची रंगीत पट्टी ही धूळ अडवायला लावलेली नसते. तोच सेलचा स्विच. आणि हा स्विच एकदाच दाबता येतो. पट्टी परत चिकटवली तरी क्रिया पूर्ण थांबत नाही, वर तिचा गोंद छिद्रांत बसतो. मशीन वापरा किंवा कपाटात ठेवा, पट्टी काढलेला सेल तीन-चार आठवड्यांत बाद समजायचा, उन्हाळ्यात त्याच्याही आधी. आजोबांना त्रास नको म्हणून पत्त्यातल्या, म्हणजे पाकिटातल्या, सहाही सेलच्या पट्ट्या एकदम काढून ठेवणारे नातू घरोघरी असतात. त्यांना वेळीच आवरावं.

सेलचे आकार चार. पट्टीचा आणि पाकिटाचा रंग सगळ्या कंपन्यांत सारखा असतो, त्यामुळे नंबर आठवला नाही तरी रंग सांगून काम भागतं. १० नंबर पिवळा, ३१२ तपकिरी, १३ केशरी, ६७५ निळा. कानाच्या आत पूर्ण बसणाऱ्या छोट्या मशीनला १०, कानामागे बसून बारीक तार कानात सोडणाऱ्या मशीनला बहुधा ३१२, कानामागच्या जाड मशीनला १३ आणि जास्त ताकदीच्या मशीनला ६७५. गोंधळ होतो तो मापांमुळे. ३१२ आणि १३ यांचा व्यास एकच, ७.९ मिलिमीटर, फरक जाडीत, ३.६ आणि ५.४. म्हणून १३ च्या घरात ३१२ आरामात बसतो, पण सैल राहतो आणि मान हलवली की मशीन बंद-चालू होते. उलट ३१२ च्या घरात १३ कोंबला तर झाकण लागत नाही, आणि जोर दिला की झाकणाची बिजागरी तुटते. सेल काही रुपयांचा असतो, झाकणासाठी मात्र मशीन सेंटरवर ठेवून यावी लागते.

दुसरा सापळा घड्याळाच्या दुकानात असतो. ६७५ चं आंतरराष्ट्रीय नाव पीआर ४४, ३१२ चं पीआर ४१. घड्याळात, खेळण्यांत, डिजिटल थर्मामीटरमध्ये लागणारे एलआर ४४ आणि एलआर ४१ हे अगदी त्याच मापाचे असतात. आकडा जुळतो, माप जुळतं, दुकानदार म्हणतो 'बसते नं, घेऊन जा', आणि मशीन सुरूही होते. पण ३१२ च्या झिंक-एअर सेलमध्ये साधारण १७० मिलिअँपिअर-तास (हे सेलच्या साठ्याचं माप) भरलेले असतात, एलआर ४१ मध्ये त्याच्या पाव हिश्शाहूनही कमी. शिवाय त्याचा दाब, म्हणजे व्होल्टेज, सुरुवातीला जास्त असून सतत उतरत जातो, झिंक-एअरचा शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतो. अडीनडीला एखाद्या दिवसापुरतं ठीक, रोजचं नाही. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं ऐकण्याचं यंत्र, त्याच्या बाहेर लावायच्या प्रोसेसरचं प्रकरण तिसरंच. त्याला ६७५ मापाचाच पण जास्त करंट देणारा खास सेल लागतो, पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. साधा ६७५ घातला की प्रोसेसर थोड्या वेळात बंद पडतो आणि घरचे लोक प्रोसेसर बिघडला म्हणून घाबरतात.

आता बदलण्याची रीत. टेबलावर टॉवेल अंथरून बसा, बेसिनवर किंवा बाल्कनीत उभं राहून हे काम करू नका. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. डोक्याला तेल लावलं असेल तर बोटांवरचा तेलकटपणा आधी घालवा, कारण तेलाचा एक थर छिद्रांवर बसला तरी हवा अडते. दोन मशीन असतील तर एका वेळी एकच उघडा. लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्या कानाची. खूण पुष्कळदा झाकणाच्या आतच असते. झाकण नखाने हळूच ओढा, जुना सेल पालथा करून टॉवेलवर पाडा. निघत नसेल तर मशीनसोबत आलेल्या ब्रशच्या दुसऱ्या टोकाला छोटं लोहचुंबक असतं, ते टेकवा. पिन, सुरी, चिमटा काही वापरू नका. हृदयाला पेसमेकर असेल तर ते चुंबक शर्टाच्या वरच्या खिशात ठेवू नये.

नव्या सेलची पट्टी काढली की तो लगेच घरात घालायचा नाही. सपाट बाजू वर करून टॉवेलवर तीन ते पाच मिनिटं उघडा ठेवायचा. या वेळात छिद्रांतून हवा आत जाते आणि दाब १.४ व्होल्टच्या आसपास पोचतो. घाईने घालून झाकण लावलं तर अर्धवट जागा झालेला सेल मशीनला पुरत नाही, मशीन 'सेल संपत आला' अशी बीप देते आणि नवा कोरा सेल कचऱ्यात जातो. फुकट गेलेल्या सेलचं सगळ्यात मोठं कारण हेच असावं. छिद्रांपाशी गोंदाचा तुकडा राहिला नाही ना, हे उजेडात बघून घ्या. सपाट, अधिकची खूण असलेली बाजू झाकणावरच्या अधिकच्या खुणेकडे, निमुळती बाजू विरुद्ध. सेल मशीनच्या पोटात नाही, झाकणातच ठेवायचा आणि मग झाकण फिरवायचं. बोटाच्या हलक्या दाबाने झाकण लागलं नाही तर सेल उलटा आहे किंवा चुकीच्या नंबरचा आहे. झाकण लागताच मशीन चालू होते, त्यामुळे कानात घालण्याआधी आवाज कमी करून ठेवला तर शिट्टीचा त्रास होत नाही.

आता हवेकडे. झिंक-एअर सेलमधलं द्रावण साधारण ६० टक्के आर्द्रतेच्या हवेशी जमवून घेतं. हवा त्याहून कोरडी असली तर छिद्रांतून पाणी बाहेर उडतं, दमट असली तर आत शिरतं. द्रावण आटलं की सेल करंट देईनासा होतो. पाणी जास्त झालं की सेल आतून फुगतो, छिद्रांजवळ ओल येते आणि कधी द्रावण पाझरून मशीनमधल्या धातूच्या पट्ट्यांवर पांढरी खर चढते.

नागपूरचा मे म्हणजे पहिली तऱ्हा. दुपारी पारा ४५ च्या घरात, आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून खाली. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, उघडलेला सेल जानेवारीत उघडलेल्या सेलएवढे दिवस देणार नाही, आणि त्यात दुकानदाराचा काही दोष नाही. आपल्या हातात एवढंच असतं की सेलला फुकट भाजू द्यायचं नाही. स्कूटीची डिक्की, उन्हात उभ्या कारचा डॅशबोर्ड, गच्चीखालच्या खोलीतलं पश्चिमेच्या भिंतीचं लोखंडी कपाट या तीन जागा सीलबंद पत्त्यासाठीही वाईट. दुकानात रस्त्याकडच्या काचेला, उन्हात टांगलेला पत्ता घेऊ नका. धंतोली-रामदासपेठेत दवाखान्यांच्या गर्दीत दुकानं पुष्कळ आहेत, आत ड्रॉवरमध्ये माल ठेवणारा माणूस शोधा आणि पत्त्यामागची मुदतीची तारीख वाचून घ्या. ऑनलाइन डबाभर सेल स्वस्त पडतात हे खरं, पण ते एप्रिल-मेमध्ये मागवू नका; कुरिअरच्या गोदामात आणि गाडीत ते किती तापले हे कुणी सांगणार नाही. वर्षाचा साठा घ्यायचाच तर दिवाळीनंतर घ्यावा. आणि फ्रिजमध्ये तर अजिबात नको. बाहेर काढताच सेलवर दव जमतं, पट्टीखालचा गोंद सुटतो. घरातल्या थंड खोलीतला, जमिनीलगतचा लाकडी ड्रॉवर पुरेसा आहे.

कूलर हे इथलं खास प्रकरण. बाहेर हवा कोरडी असली तरी कूलरच्या झोतातली हवा ओली असते, आणि खिडकी-दार बंद असेल तर खोली तासाभरात दमट होते. म्हणजे दिवसभर बाहेर सेल आटतो आणि रात्री कूलरपुढे पाणी पितो. मशीनची डबी कूलरच्या झोतात, कूलरच्या टपावर किंवा उशाशी ठेवू नका, दुसऱ्या खोलीत ठेवा. उन्हासाठी चेहऱ्याला दुपट्टा बांधला किंवा हेल्मेट घातलं की कानामागे घाम साचतो, मायक्रोफोन दाबला जाऊन शिट्टी सुरू होते, आणि शिट्टी वाजतानाही सेल खर्ची पडतच असतो. घरी आल्यावर मशीन आधी सुक्या सुती कापडाने पुसावी. घामातलं मीठच पुढे पट्ट्या खातं.

पावसाळ्यात दमटपणा ८० टक्क्यांच्या वर जातो, तेव्हा उलट दिशेने नुकसान होतं. पण खरी गंमत, म्हणजे गंमत नाहीच ती, प्लॅस्टिकची असते. पाऊस लागू नये म्हणून किंवा धुळवडीला रंग लागू नये म्हणून लोक मशीनवर प्लॅस्टिकची पिशवी किंवा क्लिंग फिल्म गुंडाळतात. सेलला हवा मिळत नाही, थोड्या वेळात मशीन मुकी होते. पिशवी काढल्यावर काही मिनिटांनी परत बोलू लागते, म्हणून कारण लक्षात येत नाही. पाण्याची किंवा रंगाची भीती असेल तर मशीन काढून घट्ट झाकणाच्या डबीत ठेवणं हाच उपाय. पाण्यापासून संरक्षण असलेल्या मशीनच्या झाकणावर हवा आत घेणारा बारीक पडदा असतो, तो मेणाने किंवा तेलाने बुजला तरी हेच घडतं. तो टोकरायचा नाही, कोरड्या ब्रशने झाडायचा, नाही जमलं तर सेंटरवर बदलून घ्यायचा.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांपर्यंत उतरतो तेव्हा नवा सेल जागा व्हायला जास्त वेळ घेतो. पट्टी काढून दोन मिनिटं कोरड्या मुठीत धरा, छिद्रं झाकू नका, एवढंच.

रात्रीचं काम सोपं आहे. मशीन कानातून काढली की झाकण पूर्ण उघडं ठेवा. त्याने मशीन बंद होते आणि आतली ओल बाहेर पडायला वाट मिळते. ओल शोषणाऱ्या दाण्यांची, म्हणजे सिलिका जेलची डबी वापरत असाल तर सेल आधी बाहेर काढा, कारण ते दाणे मशीनबरोबर सेलही सुकवतात. जुलै ते सप्टेंबर ही डबी रोज वापरावी. एप्रिल-मेमध्ये फार घाम येणाऱ्यांनीच वापरावी, इतरांना त्या दिवसांत नागपूरची हवाच पुरते. निळे दाणे ओल्यावर गुलाबी होतात, नारिंगी दाणे बहुतेक हिरवे होतात. रंग बदलला की दाणे कोरड्या कढईत मंद आचेवर मूळ रंग येईपर्यंत परतायचे, पूर्ण थंड करून डबीत भरायचे. ती कढई मग स्वयंपाकाला नको. मशीन उन्हात वाळवणं, केसांच्या ड्रायरने फुंकणं, तांदळात पुरणं हे तिन्ही टाळावं. तांदळाची भुकटी मायक्रोफोनच्या छिद्रांत जाऊन बसते.

सेल किती दिवस पुरला पाहिजे, याचा अंदाज गुणाकार-भागाकाराने काढता येतो. १७० मिलिअँपिअर-तासांचा ३१२ सेल आणि १.५ मिलिअँपिअर ओढणारी मशीन धरली तर सुमारे ११३ तास मिळतात. रोज १४ तास वापर असेल तर आठ दिवस. १३ नंबरमध्ये साधारण ३०० मिलिअँपिअर-तास असतात, म्हणजे त्याच मशीनला तो दोन आठवड्यांच्या आसपास पुरेल. मोबाइलचे कॉल आणि टीव्हीचा आवाज ब्लूटूथने थेट मशीनमध्ये घेतले तर ओढा बराच वाढतो, आणि एकाच कानाने फोन ऐकायची सवय असेल तर त्या बाजूचा सेल आधी जातो. दोन्ही सेल एकदम संपले नाहीत म्हणून शंका घेऊ नका.

नोंद ठेवायची सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे काढलेली पट्टी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकोनात चिकटवणं, तिच्यावर पेनाने 'उ' किंवा 'डा' लिहून. दोन महिन्यांत आपल्या मशीनचा नेम दिसू लागतो, आणि चार दिवसांत गेलेला सेल हा एखादाच अपवाद आहे की रोजचं रडगाणं, ते कळतं. झिंक-एअर सेल हळूहळू क्षीण होत नाही, शेवटी एकदम कोसळतो. पहिली बीप आणि पूर्ण बंद होणं यांत कधी अर्धा तास मिळतो, कधी पाच मिनिटं. लग्नाला, बँकेत किंवा डॉक्टरकडे जाताना जोडीचे दोन सेल मूळ पत्त्यातच, सील न काढता जवळ ठेवावेत. सुटा सेल खिशातल्या नाण्यांत, किल्ल्यांत टाकला तर दोन्ही बाजू जोडल्या जाऊन तो तापतो आणि रिकामा होतो.

मल्टिमीटर लावून सेल चांगला की वाईट ठरवणाऱ्यांसाठी एक सूचना. संपलेला सेल थोडा वेळ बाहेर ठेवला की त्याचा दाब परत वर चढतो आणि मशीनचा भार नसल्यामुळे मीटरवर तो चांगला दिसतो. मशीनमध्ये घातला की दहा मिनिटांत पुन्हा झोपतो. म्हणून काढलेला सेल लगेच वेगळ्या डबीत जायला हवा, नव्याशेजारी टेबलावर पडून राहायला नको.

ही वेगळी डबी गोळ्यांच्या डब्याजवळही नको. सेलचा पत्ता औषधाच्या पत्त्यासारखा दिसतो, सेल गोळीएवढा असतो, आणि वयस्कर माणसांनी गोळी समजून सेल गिळल्याच्या घटना घडतात. लहान मूल तर हाती लागेल ते तोंडात घालतं. सेल गिळला किंवा तशी नुसती शंका असली तरी ओकारी काढू नका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय खायला-प्यायला देऊ नका, पाकीट सोबत घेऊन लगेच एक्स-रेची सोय असलेल्या दवाखान्यात जा. नागपुरात मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांचा अपघात विभाग रात्रीही उघडा असतो. अन्ननलिकेत अडकलेला सेल तासा-दोन तासांत आतली त्वचा जाळू शकतो, त्यामुळे 'उद्या शौचातून पडेल' म्हणून वाट पाहू नये. मुलाने सेल नाकात किंवा कानात घातला असेल तर आपल्याकडे पहिली धाव तेलाच्या बाटलीकडे जाते. तिथे थेंबभरही तेल, पाणी किंवा औषध घालू नका, ओल मिळाली की सेल जास्त जोराने जाळतो. लहान मुलांच्या मशीनला कुलपाचं झाकण मिळतं, ते मागून घ्यावं.

खिशातल्या जुन्या पद्धतीच्या मशीनला पेन्सिल सेल लागतो. त्याला पट्टी नाही, हवेची भानगड नाही, पण तो गळतो. आठवडाभर मशीन वापरायची नसेल तर काढून ठेवावा. चार्जिंगच्या मशीनमध्ये सेल बदलायचा प्रश्न येत नाही, मात्र बहुतेक चार्जरची मर्यादा ४० अंशांच्या आसपास असते. मेमध्ये दुपारी बंद घरात तिला चार्जिंगला लावू नका. रात्री खोली गार झाल्यावर, कूलरच्या झोतापासून बाजूला लावा.

संपलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून बरणीत साठवा. ओल्या कचऱ्यात टाकू नका. जुन्या सेलमध्ये थोडा पारा असायचा, आता पाराविरहित मिळतात, तरी नियमाप्रमाणे वापरलेले सेल इतर कचऱ्यापासून वेगळेच द्यावे लागतात. बरणी भरली की मशीनच्या सेंटरवर किंवा ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्या.

हे सगळं सांभाळूनही ताज्या तारखेचे, दोन वेगळ्या कंपन्यांचे सेल दोन-तीन दिवसांतच जात असतील, तर दोष मशीनचा आहे. आधी झाकणातल्या धातूच्या पट्ट्या बघा. पांढरी किंवा हिरवट खर दिसली तर कोरड्या कापसाच्या काडीने हलकेच पुसा. पॉलिश पेपर लावला तर वरचा मुलामा जातो आणि गंज आणखी वाढतो. तरीही फरक पडला नाही तर ऑडिओलॉजिस्टकडे जाताना मशीन, उरलेला पत्ता, संपलेले सेल आणि कॅलेंडरवरच्या तारखा घेऊन जा, आणि मशीन किती करंट ओढते ते मोजून मागा. मशीनच्या तपासणी यंत्रावर सेलच्या जागी एक खोटा सेल बसवून ही मोजणी करतात, काही मिनिटांचं काम आहे. आकडा मिलिअँपिअरमध्ये येतो. तो मशीनच्या माहितीपत्रकातल्या आकड्याच्या दुपटीला पोचला असेल तर आत ओल किंवा शॉर्ट आहे, आणि मशीन दुरुस्तीला देण्याला पर्याय नाही.